वाळल्यावरचा लाल

बाबांच्या प्लँटमध्ये कोणता रंग चालू आहे, हे आम्हाला त्यांच्या उशीच्या अभ्र्यावरून कळायचं. शिफ्ट सुटल्यावर ते कारखान्यातल्या नळाखाली अंघोळ करायचे, घरी आल्यावर पुन्हा करायचे, वजरीने अंग घासायचे. तरीही सकाळी अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा पिवळा, केशरी किंवा गुलाबी डाग उमटलेला असायचा. आई तो धुताना म्हणायची, “मी लग्न माणसाशी केलं की रंगपंचमीशी?” बाबा हसायचे. बोईसरला असल्या गोष्टींचं कुणाला काही वाटत नसे. बाजारात निळ्या कानांचा माणूस दिसला तर तो कुठल्या कारखान्यातला हे लोक ओळखायचे आणि पुन्हा आपले कांदे निवडायला लागायचे. फक्त बसमध्ये पांढरे कपडे घातलेलं कुणी बाबांशेजारी बसायचं नाही.

आम्ही मूळचे घाटावरचे. इथली एमआयडीसी नवी होती तेव्हा बाबा आले, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, पुढे ऑपरेटर झाले. मला त्यांनी हट्टाने पालघरच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे इंग्रजी नीट येत नाही म्हणून मी गप्प राहायला शिकले, आणि ते यायला लागल्यावर मराठी बोलताना अडखळायला लागले म्हणून घरीही गप्प राहिले. चित्रकलेकडे वळण्याचं याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. मुंबईत शिक्षण पूर्ण करून परत आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत ईझल उभं करायला जागा नव्हती. जवळच समुद्रकाठच्या नवापूरला एका कोळणीच्या घराची माडीवरची खोली मिळाली. खालच्या अंगणात बोंबील वाळायचे, वर माझी चित्रं. खाऱ्या हवेत दोन्ही सावकाश वाळायची.

घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे. जिना चढून ती आठवड्यातून एकदा तरी यायची, दारातच उभी राहायची आणि चित्राकडे बघून निकाल द्यायची.

“काय गो बाय, परवा निळा होता, आज काळा केलास. दर्या नासला काय?”

“अजून पूर्ण नाही झालं, मावशी.”

“आमी एवढ्या दिवसांत होडी बांधून पाण्यात सोडतो. तुजा आपला रंगच चाललाय.”

उत्तर मला ती गेल्यावर सुचायचं.

माझं काम तसं कंटाळवाणं आहे. लोकांना वाटतं त्यातलं फारसं काही त्यात घडत नाही. सकाळी मांजरपाट ताणून चौकटीवर ठोकायचा, सरसाचं पाणी द्यायचं, तो वाळला की पांढऱ्याचे हात द्यायचे. दुपारचा उजेड सपाट असतो, तेव्हा ब्रश धुवायचे. खरं रंगवणं सकाळचं थोडं आणि संध्याकाळचं थोडं. यंदा मी जवळजवळ वर्षभर एकच विषय रंगवला: बोंबील टांगायच्या बांबूंच्या ओळी, आणि त्यांच्यामागे समुद्र. माणसं नाहीत. माणसं मला जमत नाहीत. ती बघायला लागली की मी नजर काढून घेते.

बाबांना माझ्या कामातलं एकच कळायचं, ते म्हणजे मला रंग लागतात. आणि रंग तर त्यांच्याकडे होतेच. ते प्लँटमधून चिमूटभर पावडर कागदात बांधून आणायचे आणि शर्टाच्या खिशातून काढून माझ्यासमोर ठेवायचे. “बघ, हा लाल तुझ्या दुकानात मिळणार नाही.” खरंच मिळाला नसता. पण कापडाचा रंग चित्रात चालत नाही. तो पाण्यात, तेलात विरघळतो, खालच्या थरातून वर झिरपतो. त्याच्यावर कितीही पांढरा द्या, काही महिन्यांनी तो वर येऊन बसतो. हे त्यांना सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मी पुड्या घ्यायचे आणि नवापूरच्या खोलीत एका जाड कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढून खिडकीला लावायचे. अर्ध्या पट्ट्यावर काळा कागद चिकटवायचा, अर्धा उजेडात उघडा ठेवायचा. रंग किती टिकतो ते तपासायची ही आमची नेहमीची रीत. म्हणजे मी ते रंग वापरत नव्हते, पण त्यांच्याकडे बघत होते. बाबांच्या लालाचं मला सगळं माहीत झालं होतं. उन्हात तो आधी गुलाबी होतो, मग त्याहून फिका, मग नुसती सावली राहावी तसा. काळा कागद उचलला की खाली पहिल्या दिवसासारखा भडक.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी बाबांच्या मागोमाग संडासात गेले. ते पाणी ओतायचे, पण घाईत ओतायचे. भांड्याच्या कडेला पांढऱ्या टाइलवर काही थेंब राहिले होते. दोन ताजे, लाल. बाजूला आदल्या दिवशीचे किंवा त्याच्याही आधीचे. ते तपकिरी झाले होते, गंजासारखे.

मी बराच वेळ आत होते. बाहेरून आईने दार वाजवलं.

शाळेने मला एक सोय करून दिलेली आहे. जे शब्द बोलायची लाज वाटते ते मी इंग्रजीत ठेवते. रात्री जेवताना मी ताटाकडे बघत विचारलं, “बाबा, तुमच्या युरीनमधून रक्त जातंय का?”

बाबांनी घास गिळला. “लघवी म्हणतेस होय?” ते हसले. “अगं, लाल चालू आहे ना सध्या. सगळ्यांचीच लाल होते. मागे पिवळा होता तेव्हा पिवळी होत होती.”

“पिवळी तर माझीपण होते,” आई म्हणाली. “जेवताना काय विषय काढता बापलेक.”

“हिला विचारायचंय, मी सांगतोय. प्लँटमध्ये आमची चेष्टा चालते, कुणाची बॅच पक्की आणि कुणाची कच्ची.”

“दुखतं का?”

“नाही. दुखत असतं तर समजलं असतं ना.”

मी काय म्हणते ते त्यांना कळलं नव्हतं असं नाही. वर्षअखेरीची ऑर्डर होती, सुट्ट्या बंद होत्या, आणि डॉक्टरकडे गेलेला माणूस ऑपरेटर म्हणून परत येत नाही अशी प्लँटमध्ये सगळ्यांची समजूत होती. त्यांच्या कारखान्यात रोज शिफ्टला गूळ वाटायचे. गूळ खाल्ला की आत गेलेलं सगळं निघून जातं, असं बाबा मनापासून मानायचे. माझ्या लहानपणापासून ते अर्धा खडा खिशातून घरी आणत आले होते, माझ्यासाठी.

मी पुन्हा दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते रागावले. त्यांचा राग म्हणजे आवाज खाली जाणं. “मी वीस वर्षं हा रंग बनवतो आहे. मला माझा रंग कळत नाही?”

त्यावर मी म्हणाले, “मग मला थोडा द्या.”

“काय?”

“सँपल. मी कागदावर लावून बघते. तुम्ही प्लँटमध्ये शेड मॅच करता, तसं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम मोठ्याने हसले, इतकं की आई बाहेर आली. तिला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या झोळीजवळ ठेवली. रंगाच्या पुड्या ठेवायचे तशीच.

“घे. नवीन माल.”

बसमध्ये ती झोळी मी मांडीवर धरून बसले. खोलीत गेल्यावर खिडकीपाशी नवा कागद घेतला. डावीकडे बाबांच्या प्लँटमधला लाल पाण्यात पातळ करून लावला, सारखाच दिसेपर्यंत. उजवीकडे बाटलीतलं. ओले असताना दोघांत फरक सांगणं कठीण होतं, आणि मी रंगांचं शिक्षण घेतलेली बाई आहे. तेव्हा मला वाटलं, बाबा बरोबर असतील. मला ते बरोबर असायला हवे होते.

मावशी दारात होती. “आज दर्या लाल काय?”

“नाही, नुसतं बघतेय.”

“वास कसला येतो?”

“औषधाचा,” मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत उजवा पट्टा मळकट झाला होता. मी तो चित्रकार बघतो तसा बघायचा प्रयत्न केला: कडा कशी आहे, मधला भाग उजळ की गडद, कागदाच्या दाण्यात काय उतरलंय. पुढचे काही दिवस मी रोज जात होते आणि समोरच्या चित्राला हातही लावत नव्हते. डावा लाल किंचित फिका, पण लालच. उजवा तपकिरी झाला, मग कडेला जवळजवळ काळा. त्यातल्या एका ठिकाणी बारीक गुठळी वाळून कागदाला चिकटली होती. गुठळीबद्दल मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

कागद घरी न्यावा असं आधी वाटलं. पण घरी आई होती, शेजारी होते, आणि बाबांनी तो हसण्यावारी नेला असता. मी त्यांना म्हटलं, रविवारी नवापूरला या. इतक्या दिवसांत ते एकदाही आले नव्हते. मी बोलावलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

ते सायकलने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. खाली मावशीने त्यांना अडवलंच. “तुमी हिचे बाबा काय? मंग हिला सांगा, आमच्या बोंबलांची चित्रं काढते, त्यात एक पण बोंबील दिसत नाय!” बाबा हसत हसत वर आले. जिना चढून त्यांना दम लागला होता.

आधी ते चित्रांपुढे उभे राहिले. हात मागे बांधून, एकेकापुढे बराच वेळ, साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहावं तसे. मला खोलीतून निघून जावंसं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, “यात आपला लाल कुठे नाही.”

“नाही, बाबा. तो यात चालत नाही. वर येतो.”

“हो,” ते म्हणाले. “येणारच. विरघळणारा माल आहे.” त्यांना हे आधीपासून माहीत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तरी ते पुड्या आणत राहिले होते.

मग मी खिडकीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ. प्लँटमध्ये बॅच पास करताना ते असंच करत असणार. अंगठ्याने डावा पट्टा चोळला, अंगठा बघितला. उजव्याला हात लावला नाही.

“कधी लावलंस?”

“त्याच दिवशी. दोन्ही एकदम.”

“ऊन?”

“दोघांना सारखं.”

खाली मावशी कावळ्यांना शिव्या देत होती.

“आपला माल असा फिरत नाही,” ते म्हणाले. “फिका पडेल, उडून जाईल. पण काळा पडत नाही.” कागद त्यांनी माझ्याकडे परत दिला. “हे आपलं नाही.”

त्यांच्या आवाजात आधी आली ती मालाची बाजू घेणाऱ्या माणसाची खात्री. भीती नंतर आली, ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले तेव्हा. “आईला काय सांगायचं?” त्यांनी मला विचारलं. त्यांनी मला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं.

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. बाबांनी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. दुर्बीण घालून बघितलं. मूत्राशयात गाठ होती, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, असं डॉक्टर म्हणाले, आणि एकटी नव्हती. ती आतूनच खरवडून काढली. “भिंतीत किती उतरलंय ते रिपोर्टवर कळेल,” ते म्हणाले. “पण हे परत येतं. दर तीन महिन्यांनी यायचं. प्लँटमध्ये पुन्हा जायचं नाही.” मी त्यांना विचारलं, रंगामुळे लघवी लाल होते का? ‘लघवी’ हा शब्द मी तेव्हा मोठ्याने उच्चारला. ते म्हणाले, काही जणांची होतही असेल. म्हणूनच कळायला उशीर होतो.

रिपोर्ट आला. भिंतीत उतरलं होतं. किती, ते त्यावरून नक्की होत नव्हतं; पुढच्या वेळी कळेल.

वॉर्डात बाबांच्या खाटेला नळी आणि पिशवी लावलेली होती. पिशवीतला रंग रोज बदलायचा आणि मी तो बघायचे. गडद, मग मांस धुतलेल्या पाण्यासारखा, मग फिका. नर्स विचारायची, “कसंय आज?” आणि मी सांगायचे तेव्हा ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची. यंदा माझ्या डोळ्यांवर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवला नाही. आई पायथ्याशी बसून असायची. तिने एकदाच विचारलं, “इतके दिवस मी अभ्रे धूत होते. मला कसं कळलं नाही?” मी म्हणाले, अभ्र्यावर खरंच रंग होता, आई.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दरवर्षी एक काम करते. वर्षभरातली सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असतात. ती एकेक सरळ करते, काय ठेवायचं आणि कशावर पुन्हा पांढरं द्यायचं ते ठरवते. यंदाही केलं. बांबूंच्या ओळी, समुद्र, बांबूंच्या ओळी. वाईट नव्हत्या. हात सुधारला आहे. राखाडी रंगात मला आता खूप काही करता येतं. पण त्यांच्यापुढे बसल्यावर मला वाटलं की मी वर्षभर कशाकडे तरी पाठ करून बसले होते आणि त्या बसण्याला शांतता म्हणत होते. कला माणसाला बघायला शिकवते, असं आम्हाला कॉलेजात सांगायचे. मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. मी बघितलं ते संडासाच्या टाइलवर, आणि तेही दिवाळीनंतर. ते डाग त्याआधी किती दिवस तिथे पडत होते, कुणास ठाऊक. शिकलेला डोळा त्या आधीही त्याच घरात होता. चित्राने काय केलं, तर मला थांबायला शिकवलं: रंग वाळेपर्यंत त्याच्याबद्दल बोलायचं नाही. ती सवय उपयोगी पडली, आणि थांबण्यात गेलेला तोच वेळ गाठीनेही वापरला असणार. दोन्ही खरं आहे. याच्यापुढे मला विचार नेता येत नाही.

एकाही चित्रावर पांढरं दिलं नाही. सगळी तशीच ठेवली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाबांचा प्लँटमधला जोडीदार घरी आला. तो आधी एकदा बघायला येऊन गेला होता, आईच्या हातचा चहा पिऊन आणि सगळ्यांना हसवून. “भाऊ, तुमची बॅच रिजेक्ट झाली की हो!” असं तो तेव्हा म्हणाला होता. आणि जाताना चपला घालत, सहज: “माझी पण लाल आहे, पण ती प्लँटचीच.” बाबांनी त्याला दारात धरून ठेवलं होतं आणि कागदावर थेंब टाकून खिडकीत ठेवायला सांगितलं होतं. माझ्यादेखत. तो कानापर्यंत लाजला होता, मीही.

या वेळी तो आत आला नाही. बाहेरूनच बाबांच्या हातात घडी केलेला कागद दिला, शिफ्ट आहे म्हणाला आणि गेला. शाळेच्या वहीचं पान होतं. बाबा ते घेऊन माझ्याकडे आले.

“बघ गं.”

मी ते खिडकीपाशी नेलं. उजेड जायला आला होता, पण तेवढा पुरेसा होता. बाबा माझ्या मागे उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि ते कागदाकडे बघत नव्हते हेही कळत होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी वळले, आणि नजर काढून घेतली नाही.

“काळा पडलाय?”

“हो, बाबा. कडेला.”

त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. ऑपरेशननंतर ते घराबाहेर पडले नव्हते; चालताना अजून एका हाताने पोट धरायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कुठे निघालात, डॉक्टरांनी काय सांगितलंय.

“त्याची शिफ्ट सुरू व्हायच्या आत गेटवर गाठतो.”

“मी येते,” मी म्हणाले.

“तू नको. तुझ्यासमोर तो हसण्यावारी नेईल.” बटणं लावताना त्यांची बोटं थांबली. “मी नेलंच की.”

आईने त्यांच्या गळ्यात मफलर अडकवला. ते जिना उतरले, एकेका पायरीवर थांबत. रस्त्यावर शिफ्टचे लोक सायकलींवरून जात होते. त्यांतल्या एकाला हात करून बाबांनी थांबवलं आणि त्याच्या मागच्या कॅरियरवर, पोट धरून, सावकाश बसले.